खापरे तीच, टेकाड तेच. मग प्रकाश्याचा भूतकाळ पुस्तकागणिक का बदलतो?

प्रश्न : गोमाईकाठ (शहादा)

सर्वांना नमस्कार. मी शहादा तालुक्यातील एका शाळेत इतिहास शिकवतो. प्रकाशा येथे तापी आणि गोमाई यांच्या संगमावर पांढरीचे (जुन्या वस्तीच्या राखमिश्रित मातीचे) जे उंच टेकाड आहे, तेथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी १९५४-५५ च्या हंगामात उत्खनन केले, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. यंदा मुलांना घेऊन प्रत्यक्ष टेकाडावर गेलो असता एका विद्यार्थिनीने जे विचारले, त्याचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

माझ्याजवळच्या जुन्या पुस्तकात प्रकाश्याची पहिली वस्ती इ.स.पू. १७०० च्या सुमाराची दिली आहे. अलीकडच्या लेखनात मात्र तापी खोऱ्यातील आरंभीच्या शेतकरी वस्त्या इ.स.पू. २००० पर्यंत किंवा त्याही मागे नेल्या जातात. ताम्रपाषाणयुगातील, म्हणजे तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणारे, हे लोक पश्चिमेकडून, इराणच्या बाजूने आले असावेत असे एका पुस्तकात वाचायला मिळते. ती संस्कृती याच मातीत घडली असे दुसऱ्यात. या वस्त्या का ओस पडल्या याचे कारण कोठे पूर दिले आहे, कोठे अवर्षण. हे सारे मी प्रामाणिकपणे मुलांपुढे मांडले, तेव्हा ती म्हणाली, “सर, खापरे तर तीच आहेत ना? मग गोष्ट कशी बदलते?”

मला पुढे पडलेला प्रश्न असा, की अभ्यासक आधी सिद्धान्त मनात धरून येत असतील आणि पुरावा त्याच्या मागून चालत असेल, तर प्रकाशा ही दक्षिणकाशी कशी झाली याची जी कथा गावातले वडीलधारे सांगतात, तिच्यात आणि उत्खननाच्या अहवालात नेमका फरक कोणता समजावा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : खापरवेचा (धुळे)

सर, आपल्या विद्यार्थिनीने पुरातत्त्वाच्या मुळालाच हात घातला आहे. तिच्या प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न मिसळले आहेत आणि ते सोडवून घेतल्याखेरीज उत्तर देता येणार नाही.

सनावळीचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे. थापर प्रकाश्याला खणत होते तेव्हा कार्बन-१४ ने काळ मोजणारी प्रयोगशाळा भारतात नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ती १९६० नंतर सुरू झाली आणि पुढे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेली. त्यामुळे प्रकाश्याचा काळ ठरवताना येथील खापरांची नावडातोली, जोर्वे, बहाळ अशा इतर ठिकाणच्या खापरांशी केलेली तुलना हाच मोठा आधार होता. नंतर कोळशाच्या तुकड्यांचे मोजमाप होऊ लागले, परंतु वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण प्रत्येक शतकात सारखे होते असे तेव्हा धरून चालत. ते सारखे नव्हते, हे झाडांच्या वार्षिक वलयांवरून पुढे सिद्ध झाले आणि मोजमापात दुरुस्ती करणे आवश्यक ठरले. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धातील तारखा या दुरुस्तीमुळे साधारण दोनशे ते अडीचशे वर्षांनी मागे सरकतात. म्हणजे कोळसा तोच राहिला, प्रयोगशाळेतील मूळ आकडाही तोच राहिला, तरी पुस्तकातले साल बदलले. जुनी आणि नवी पुस्तके शेजारी ठेवून वाचताना कोणती तारीख दुरुस्त केलेली आहे आणि कोणती नाही, हे आधी पाहावे लागते; बरेच लेखक ते सांगण्याची तसदी घेत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

दुसरा प्रश्न चराचा आहे आणि माझ्या मते खरी मेख तेथेच आहे. मॉर्टिमर व्हीलर १९४४ मध्ये सर्वेक्षणाचे महासंचालक झाले आणि त्याच वर्षी त्यांनी तक्षशिला येथे तरुणांसाठी उत्खननाचे प्रशिक्षण सुरू केले. थापर त्या पिढीचे. उभ्या चराच्या भिंतीवर थर वाचावा, प्रत्येक थराला क्रमांक द्यावा आणि कोणते खापर कोणत्या थरातून आले याची नोंद ठेवावी, ही शिस्त या पिढीने भारतात रुजवली. त्याआधीच्या कितीतरी उत्खननांत ती नव्हती, त्यामुळे तिचे मोल कमी लेखू नये. परंतु टेकाडात खोलवर उतरलेला अरुंद चर ‘कशानंतर काय आले’ हेच चांगले सांगतो. त्या चराच्या डाव्या-उजव्या हाताला घरे कशी होती, धान्य कोठे साठवत, भट्टी गावात होती की गावाबाहेर, हे त्याला सांगता येत नाही, कारण तेवढी जागा उघडलेलीच नसते. प्रकाश्याचे चार कालखंड आपण वर्गात शिकवतो ते या पद्धतीचे फळ आहे. पहिला कालखंड ताम्रपाषाणयुगाचा असून त्याच्या उत्तरार्धात जोर्वे पद्धतीची आणि चकचकीत लाल भांडी येतात. दुसरा लोखंड वापरणाऱ्यांचा. त्यानंतर ऐतिहासिक काळातले दोन. जिना चांगला बांधलेला आहे, मात्र जिन्यावरून घराच्या खोल्या दिसत नाहीत.

याचा एक परिणाम फार दूरवर गेला. थापरांच्या कालगणनेप्रमाणे पहिला कालखंड इ.स.पू. १३०० च्या सुमारास संपतो आणि दुसरा इ.स.पू. ७०० च्या सुमारास सुरू होतो. मधली सहाशे वर्षे टेकाडावर कोणी राहत नव्हते, असा त्याचा अर्थ. हा अर्थ त्या चरापुरता रास्त आहे. पुढे काही लोकप्रिय लेखनात मात्र ‘खानदेश सहाशे वर्षे ओस पडला’ असे वाक्य येऊ लागले. एका टेकाडाच्या एका भागातील पोकळीवरून अख्ख्या प्रांताला ओसाड ठरवणे, हे विहिरीत पाणी लागले नाही म्हणून तालुक्याला कोरडे म्हणण्यासारखे आहे.

आपला तिसरा प्रश्न, लोक कोठून आले, त्यावर कोणी अन्य सदस्य लिहितील तर बरे.

उत्तर २ : गिरणाथडी (चाळीसगाव)

मी शेतकरी आहे, पुरातत्त्वाचे शिक्षण घेतलेले नाही; वाचन मात्र आहे. बहाळ आमच्याच तालुक्यात गिरणेच्या काठी आहे. तेथे आणि नदीपलीकडच्या टेकवाड्याला म. न. देशपांडे यांनी १९५० च्या दशकात उत्खनन केले होते.

वरच्या उत्तरात थरांवर फार भरवसा ठेवला आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. आमच्या काळ्या कपाशीच्या जमिनीला वैशाखात ज्या भेगा पडतात, त्यांत पुरुषभर काठी सहज उतरते. बैलाच्या गळ्यातील घुंगरू अशा भेगेत पडले आणि पुन्हा हाती लागले नाही, असे आमच्याच शेतात घडलेले आहे. पाऊस पडला की जमीन फुगते आणि भेग मिटते. उद्या कोणी तेथे खणले तर ते घुंगरू तीन हात खालच्या मातीत, ‘जुन्या थरात’ मिळेल. घुशींची बिळे तर वेगळीच. पांढरीच्या टेकाडावर राखमिश्रित माती असल्याने भेगा कमी पडतात हे खरे, पण टेकाडाच्या कडेला, जेथे पांढर संपून काळी सुरू होते, तेथे थराची शाश्वती कोणी कशी द्यावी?

दुसरी गोष्ट टेकाडांच्या आकाराची. पूर्वी धाब्याच्या घरांवर दर पावसाळ्याआधी माती टाकावी लागे आणि त्यासाठी गावोगावच्या पांढरीची माती गाड्या भरभरून नेली जाई. शेतात खत म्हणूनही ती नेत. त्यामुळे आज एखादे टेकाड लहान दिसते म्हणून तेथील वस्ती लहान होती, असे अनुमान काढणाऱ्याने आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे, की आबा, तुमच्या लहानपणी हे केवढे होते?

शेवटी एक भर घालतो. लोखंडी फाळाशिवाय काळी जमीन कसता येणार नाही, म्हणून दख्खनमध्ये शेती उशिरा पसरली, अशी दा. ध. कोसंबी यांची मांडणी होती. त्यांच्याविषयी मला अतिशय आदर आहे. परंतु जोर्वे, नेवासे, बहाळ, प्रकाशा ही लोखंडापूर्वीची शेतकरी गावे काळ्या मातीच्या खोऱ्यांतच निघाली. ही जमीन उन्हाळ्यात भेगाळून स्वतःच स्वतःला नांगरून घेते, हे खानदेशातील कोणत्याही कुणब्याने सांगितले असते.

उत्तर ३ : खापरवेचा (धुळे)

भेगांचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. वस्तू पडल्यापासून सापडेपर्यंत तिचे काय काय होते, याचा स्वतंत्र अभ्यास अमेरिकेत मायकेल शिफर यांनी १९७० च्या दशकात पद्धतशीरपणे मांडला. आपण घुंगराच्या निमित्ताने नेमके तेच सांगितले आहे. म्हणूनच एका मण्यावर किंवा एका नाण्यावर थराचा काळ ठरवू नये, असे म्हणतात. हजारभर खापरांचे प्रमाण थरागणिक बदलत जात असेल तर ते सगळे भेगेतून पडले असे म्हणता येत नाही.

उत्तर ४ : कानकाठ (साक्री)

आमच्या साक्री तालुक्यातील कावठे येथील उत्खननाचा उल्लेख अद्याप झाला नाही, म्हणून लिहितो. डेक्कन कॉलेजच्या वतीने म. के. ढवळीकर, वसंत शिंदे आणि शुभांगना अत्रे यांनी ते १९८० च्या दशकात केले. येथील वस्ती सावळदा संस्कृतीची आहे. हे नावही गोमाईकाठ यांच्याच शहादा तालुक्यातील, तापीकाठच्या सावळदे गावावरून पडले आहे. एका विशिष्ट तऱ्हेच्या रंगवलेल्या भांड्यांवरून एका ‘संस्कृती’ला नाव देणे, हीदेखील एक सैद्धान्तिक कृती आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. ठरावीक प्रकारच्या वस्तू वारंवार एकत्र सापडल्या तर त्यांच्या मागे एक लोकसमूह मानावा, अशी व्याख्या गॉर्डन चाइल्ड यांनी १९२९ मध्ये केली आणि ती आपल्याकडे इतकी मुरली की सावळदा लोक, माळवा लोक, जोर्वे लोक असे आपण सहज बोलून जातो. आज माझ्या घरात स्टीलची, मातीची आणि चिनी मातीची भांडी आहेत. त्यावरून माझ्या घरी तीन जमाती नांदतात असे कोणी म्हणणार नाही.

कावठ्याचा थर पातळ होता, टेकाड उंच नव्हते, त्यामुळे तेथे खोल उतरण्याऐवजी आडवी जागा उघडणे शक्य झाले. शिवाय तोपर्यंत प्रश्नही बदललेले होते. लुईस बिनफर्ड यांनी १९६२ मध्ये जी भूमिका मांडली आणि जिला पुढे नवपुरातत्त्व म्हणू लागले, तिचा आग्रह असा होता, की भांड्यांचा क्रम लावून थांबू नये, माणसे कशी जगत होती, परिसराशी त्यांचा व्यवहार काय होता, हे तपासावे. ढवळीकरांच्या इनामगाव या पुणे जिल्ह्यातील ताम्रपाषाणयुगीन वस्तीवरच्या कामात हा बदल स्पष्ट दिसतो. कावठ्याला जमिनीत खणलेले खड्डे मिळाले आणि ते राहण्याचे खड्डे असून येथील लोक अर्धभटके, वर्षातला काही काळ येथे मुक्काम करणारे असावेत, असा निष्कर्ष काढण्यात आला.

आता माझी शंका. आमच्या भागात ठेलारी मेंढपाळ आहेत. पावसाळ्यानंतर त्यांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांचे तात्पुरते तळ, शेतांतून बसू लागतात. त्यांचा मुक्काम हलला की मागे चूल, लेंड्या आणि थोडी राख एवढेच उरते, आणि पहिल्या नांगरटीत तेही जाते. हे पाहिल्यामुळे ‘पातळ थर म्हणजे भटके लोक’ हे अनुमान मला पटते आणि त्याच कारणाने त्याची भीतीही वाटते. ठेलाऱ्यांचे आजचे जीवन हे चार हजार वर्षे गोठून राहिलेले चित्र नव्हे. त्यांचा वाडा बसतो तो शेतकऱ्याला खत हवे असते म्हणून. त्यांची मेंढी विकली जाते ती बाजार आहे म्हणून. शेतकरी आणि बाजार दोन्ही काढून घेतले तर त्या जीवनाचा काय आकार उरेल, हे ठेलाऱ्यांकडे पाहून सांगता येणार नाही. इंग्लंडमध्ये इयन हॉडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात नवपुरातत्त्वावर जी टीका केली, तिचा एक भाग हाच होता: माणसाच्या वस्तूंना अर्थ असतो आणि तो अर्थ केवळ पोटापाण्याच्या हिशेबातून निघत नाही. कावठ्याचे सगळे खड्डे राहण्याचेच होते, की त्यांतले काही साठवणीचे किंवा माती काढण्याचे होते, हा प्रश्न मी तरी उघडा ठेवतो.

प्रश्नकर्ता : गोमाईकाठ (शहादा)

आपणा सर्वांचा अत्यंत आभारी आहे. मात्र वाचता वाचता माझी मूळ चिंता वाढली आहे. तारीख दुरुस्तीने सरकते, थर भेगेने बिघडतो, ‘संस्कृती’ हा चाइल्ड यांचा शब्द आहे आणि खड्ड्याचे घर होणे हे ठेलाऱ्यांच्या वाड्यावर अवलंबून आहे. असे असेल तर पक्के काय राहिले? दक्षिणकाशीच्या कथेचा मुद्दा मी त्याच अर्थाने मांडला होता.

उत्तर ५ : पाटणादेवी वाटेवरचा (चाळीसगाव)

सर, आपली चिंता रास्त आहे, पण पुराव्याने माणसाला माघार घ्यायला लावल्याचे एक उदाहरण आमच्या चाळीसगावजवळच्या पाटणे गावातच आहे. तेथे १९७२-७३ मध्ये श. अ. साळी यांनी उत्खनन केले. उत्तर पुराश्मयुगाच्या (जुन्या अश्मयुगाच्या शेवटच्या टप्प्याच्या) थरात दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याची कवचे, त्यांचे मणी आणि जाळीदार रेषा कोरलेला एक तुकडा मिळाला. कार्बन-१४ ने त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा आला. खानदेशात शहामृग, ही कल्पनाच अनेकांना चमत्कारिक वाटली असेल.

पुढे देशभरातून ‘कोरीव’ कवचांचे तुकडे नोंदले जाऊ लागले, कारण आता अभ्यासकांची नजर त्यासाठी तयार झाली होती. सिद्धान्त आधी आणि पुरावा मागून, असे आपण म्हणता ते येथे शब्दशः घडले. परंतु ते तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तेव्हा रॉबर्ट बेडनारिक यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले, की त्यांतील बहुसंख्य रेषा माणसाने कोरलेल्या नसून वनस्पतींच्या मुळांनी पडलेल्या आहेत. मुळाची रेषा आणि हत्याराची रेषा यांचा तळ वेगळा दिसतो. पाटण्याचा तुकडा मात्र या कसोटीवर टिकला. हव्या असलेल्या गोष्टी हातून गेल्या आणि एक उरली, ती कोणाच्या इच्छेमुळे उरलेली नाही.

पक्ष्याविषयीची शंकाही अशीच मिटली. राजस्थान आणि मध्य प्रदेशातील प्राचीन कवचांतून डीएनए मिळवून हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी इतरांसमवेत २०१७ मध्ये दाखवले, की तो पक्षी आफ्रिकेतील शहामृगाचा निकटचा आप्त होता. साळी खणत होते तेव्हा ही पद्धत अस्तित्वात नव्हती. कवचे मात्र थराच्या नोंदीसह जपून ठेवण्याची शिस्त त्या पिढीपाशी होती, आणि अशी शिस्त नसती तर नव्या पद्धतीला तपासायला काही उरले नसते.

उत्तर ६ : खापरवेचा (धुळे)

‘लोक कोठून आले’ हे राहिले होते, ते लिहून टाकतो. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांना नर्मदाकाठच्या महेश्वरसमोरच्या नावडातोलीला तोटीची आणि पन्हाळीसारख्या ओठाची भांडी मिळाली. त्यांचे साम्य इराणमधील सियाल्कसारख्या स्थळांतील भांड्यांशी दिसल्यामुळे पश्चिमेकडून माणसे आली असावीत, असा विचार त्यांनी मांडला. त्या काळी जगभरच नवे भांडे म्हणजे नवी माणसे असे समीकरण होते, त्यामुळे हा दोष एकट्या सांकळियांचा नव्हे. पुढे समीकरण सैल झाले, मधल्या प्रदेशांत स्थानिक वाढीचे टप्पे दिसू लागले आणि तोटी ही कल्पना माणसांच्या स्थलांतराशिवायही प्रवास करू शकते हे मान्य झाले. अवर्षणाच्या सिद्धान्ताचेही तसेच. इनामगावच्या उत्तर जोर्वे काळातील ऱ्हास ढवळीकरांनी कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील बालकांच्या सांगाड्यांच्या आधारे ती जोडणी पुन्हा तपासायला घेतली. या सांगाड्यांचे उत्खनन झाले, तेव्हा ते या प्रश्नासाठी कोणी काढलेले नव्हते.

दक्षिणकाशीच्या कथेबद्दल माझे मत असे. ती कथा मी खोटी म्हणणार नाही. गावाने या संगमाला काय मानले, याचा ती स्वतःच पुरावा आहे. परंतु ती कोणत्या गोष्टीने खोटी ठरेल, असे तिला विचारता येत नाही. थापरांच्या सहाशे वर्षांच्या पोकळीला तसे विचारता येते: टेकाडाच्या दुसऱ्या अंगाला त्या मधल्या काळाचा एक अविचल थर सापडला, की ती पोकळी भरली. आपल्या विद्यार्थिनीला हे एवढे सांगितले तरी चालेल.

प्रश्नकर्ता : गोमाईकाठ (शहादा)

काल तिला हे वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकले आणि मग वर्गाच्या कपाटातला डबा काढून माझ्यापुढे ठेवला. गेल्या बारा-तेरा वर्षांत सहलीला गेलेल्या मुलांनी वेचून आणलेली खापरे त्यात आहेत. “सर, यातले कोणते टेकाडाच्या कोणत्या बाजूचे?” असे तिने विचारले. मी काहीच लिहून ठेवलेले नाही. या खापरांचे आता काय करावे?

उत्तर ७ : खापरवेचा (धुळे)

डबा टाकून देऊ नका आणि खापरे टेकाडावर परत नेऊन पसरूही नका, कारण तसे केल्यास पुढच्या सर्वेक्षकाची दिशाभूल होईल. डब्यावर ‘प्रकाशा, पृष्ठभाग, नेमके स्थान अज्ञात’ एवढे लिहा आणि अंदाजे वर्षे घाला. चाकावर घडवलेले खापर हाताने घडवलेल्यापासून कसे ओळखावे, भाजणी कोठे कमी पडली आहे, कड कोणत्या भांड्याची असावी, हे शिकवायला ती उत्तम आहेत. यापुढे मुलांनी खापर उचलू नये. जागेवरच छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश वहीत उतरवून घ्यावेत. वहीचे काम त्या मुलीकडेच द्या.